सगळ्यात हुशार चुलतभाऊ

मित्रांनो, तुमच्या नात्यात असा एक भाऊ आहे का? वर्गात पहिला नंबर त्याचाच, अक्षर मोत्यासारखं, पाहुण्यांसमोर पाढे धडाधड म्हणून दाखवणारा! आणि निकालाच्या दिवशी आई तुम्हाला म्हणते, "बघ जरा त्याच्याकडे!" वर्धा असो, आर्वी असो की हिंगणघाट, हा भाऊ घरोघरी सापडतो.

आता गंमत ऐका. उत्तर आयर्लंडमधल्या डेरी शहरातल्या पाच पोरांनी अशाच एका भावावर चक्क गाणं केलं! गाण्याचं नाव 'माय परफेक्ट कझिन'. त्यातला केविन शिक्षणात पुढे, आणि टेबलावर बोटांनी खेळायच्या फुटबॉलमध्येही तोच जिंकतो. १९८० साली हे गाणं ब्रिटनमधल्या पहिल्या दहांत पोचलं.

या पोरांच्या बँडचं नाव 'द अंडरटोन्स' आणि त्यांचं संगीत पंक रॉक. पंकचा कायदा सोपा. दोन-चार कॉर्ड वाजवता येतात ना? मग उस्ताद होईपर्यंत थांबू नका. दोन-अडीच मिनिटांचं वेगवान गाणं करा आणि मनातलं बोला. साध्या साधनात मोठी ताकद असते, हे आपल्याला काही नवीन नाही. तुकडोजी महाराजांच्या हातात खंजिरीच तर होती! १९३६ साली ते सेवाग्रामला गांधीजींच्या आश्रमात सुमारे महिनाभर राहिले होते. त्यांची भजनं आणि पंक यांत जमीन-अस्मानाचा फरक, पण साधं वाद्य आणि साधे बोल दोन्हीकडे.

डेरीत तेव्हा दिवस फार वाईट होते. ३० जानेवारी १९७२ रोजी तिथे नागरी हक्कांच्या मोर्चावर ब्रिटिश सैनिकांनी गोळीबार केला. त्या दिवशी १३ जण मेले. आपले हे गाणारे तेव्हा शाळकरी होते. पुढे रस्त्यावर सैनिक दिसत असतानाही त्यांनी बहुतेक गाणी केली ती उन्हाळ्याची, मैत्रीची, हुशार भावाची. एक तर चॉकलेटचंही! भीतीच्या दिवसांतही आपलं साधं पोरपण त्यांनी सोडलं नाही.

त्यांचं पहिलं गाणं 'टीनएज किक्स'. १९७८ साली बीबीसीवर जॉन पील या निवेदकाने ते एकदा लावलं आणि इतकं आवडलं, की लगेच पुन्हा लावलं!

१९८३ मध्ये बँड मोडला. त्याच वर्षी त्यांच्या गाण्यांचा संच निघाला, 'ऑल रॅप्ट अप'. तुमच्या आई-बाबांना विचारा. ते कोऱ्या कॅसेटवर निवडक गाणी भरून आणायचे ना? तसाच हा संच, पण एका बाबतीत वेगळा. आपण फक्त आवडीची गाणी भरतो. इथे बँडची सुटी निघालेली तेराही गाणी ओळीने आहेत. 'टीनएज किक्स' आहे, 'माय परफेक्ट कझिन' आहे आणि शेवटी शेवटी आलेली, फारशी न चाललेली गाणीही आहेत. पडलेलं गाणं त्यांनी लपवलं नाही. म्हणून तर सुरुवातीची धडपडी पोरं पाच वर्षांत कशी बदलत गेली, ते आपल्याला ऐकू येतं.

तर दोस्तांनो, या सुट्टीत तुम्हीही एक संच करा. वर्षभरातली चित्रं, निबंध, कविता, हुकलेली गणितंसुद्धा तारखेप्रमाणे एका फाईलमध्ये लावा. चांगलं तेवढंच निवडायचं नाही हं! मग पहिलं पान आणि शेवटचं पान शेजारी ठेवून बघा.

आणि आई-बाबा, "बघ जरा त्याच्याकडे" म्हणण्याआधी ही फाईल एकदा उघडा. तुमचं पोर कुठून कुठवर आलंय, ते चुलतभावाच्या निकालपत्रात दिसणार नाही.