डेवी, दावीद आणि आपल्या लेकरांची नावे



वेल्स देशात ‘डेवी’ हे मुलाचे नाव आहे. आपल्या कानाला ते ‘देवी’सारखे लागते, पण त्या शब्दाशी त्याचा काही संबंध नाही. हे आपल्या पवित्र शास्त्रातल्या दावीद राजाचेच नाव. इब्री भाषेत त्याचा अर्थ ‘प्रिय’ असा सांगतात.

हे नाव लॅटिनमधून वेल्श लोकांकडे आले. त्यांच्या जिभेवर ते आधी ‘डेविद’ झाले, मग शेवटचे अक्षर गळून ‘डेवी’ उरले. पुढे तेच नाव ‘डाविद’ अशा दुसऱ्या रूपातही रुळले. विल्यम मॉर्गन यांनी १५८८ साली वेल्श भाषेत संपूर्ण बायबल दिले. त्यात राजा ‘डाविद’ आहे, आणि ‘डेवी’ म्हटले की त्या लोकांना आपला संत आठवतो.

हा संत डेवी सहाव्या शतकातला. त्याच्या मठातले बंधू बैल न जुंपता स्वतः नांगर ओढत, भाकरी आणि भाजीपाला खात, पाणी पीत, अशी परंपरा आहे. शेवटच्या उपदेशात त्याने लोकांना आनंदी राहायला, विश्वास जपायला आणि लहानसहान कामे इमानाने करायला सांगितले, असे मानतात. १ मार्चला वेल्समध्ये त्याचा सण असतो. त्याच्या गावाचे वेल्श नाव ‘टीदेवी’, म्हणजे डेवीचे घर. जोडशब्दात ‘ड’ मऊ होऊन ‘द’ झाला. परक्या नावाला आपल्या व्याकरणाचे नियम लागू लागले, की ते नाव घरचे झाले असे समजावे.

आता आपल्याकडे पाहू. मराठी बायबलने याच राजाला ‘दावीद’ म्हटले. हैदराबाद-इंदूरकडे शेजारी ‘दाऊद’ म्हणतात. तरीही बाप्तिस्म्याच्या वेळी पुष्कळ घरांतून ‘डेव्हिड’ हेच रूप पुढे येते. दावीद जुनाट वाटते, शाळेत मुले हसतील, असे आईबाप म्हणतात. त्यांची काळजी खोटी नाही. पण इंग्रजी रूप अधिक ख्रिस्ती आहे, ही समजूत मला पटत नाही. दावीद राजाला इंग्रजी येत नव्हते! डेव्हिड हे इंग्रजांनी आपल्या जिभेसाठी केलेले रूप. वेल्श लोकांनी आपले केले, आपल्या वाडवडिलांनी आपले केले. तिन्ही रूपे सारखीच मानाची.

आणि नाव शास्त्रातलेच हवे असेही नाही. बाबा पदमनजींनी १८५४ साली बेळगावात बाप्तिस्मा घेतला. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली मुंबईत घेतला. दोघेही आपल्या मराठी नावांनीच प्रभूची सेवा करत राहिले. त्यांच्या विश्वासात त्यामुळे काय उणे पडले?

म्हणून माझे मत असे. दाखल्यावर कोणतेही रूप लिहा, पण नाव असे ठेवा की आजीला ते प्रार्थनेत न अडखळता घेता येईल. आणि लेकराला त्याचा अर्थ सांगा. अर्थ ठाऊक नसलेले नाव हजेरीपुरते उरते. दावीद म्हणजे प्रिय. इशायाचा तो धाकटा मुलगा मेंढरे राखत होता, शमुवेल घरी आला तेव्हा त्याला बोलवायचेही कोणाच्या मनात आले नाही. देवाने मात्र त्यालाच निवडले. हे ज्या मुलाला कळले, तो नावाला हसणाऱ्यांपुढे मान खाली घालणार नाही.

उत्तम मेंढपाळ आपल्या मेंढरांना नावाने हाक मारतो, असे योहानाच्या दहाव्या अध्यायात आहे. ती हाक आपल्या लेकरांना त्यांच्या मायबोलीत ओळखता यावी, हीच प्रार्थना. आमेन.