आपल्याच नदीचे पाहुणे

सहल काढणाऱ्यांबरोबर नाशिकहून दादरा-नगर हवेलीत जाऊन यायचे म्हणजे पहाटेची बस, खानवेलला चहा, दुधनीच्या जलाशयात नौकाविहार आणि सिल्वासात फेरफटका. मी नुकताच जाऊन आलो. निसर्ग देखणा आहे, पैसे वसूल होतात, यात वाद नाही.

मार्गदर्शकाने फोटोच्या जागा दाखवल्या, जेवणाची वेळ सांगितली. पाणी कुठले, हे मात्र सांगितले नाही. ते आपल्याच जिल्ह्यातले आहे. दमणगंगा दिंडोरी तालुक्यात सह्याद्रीत उगम पावते आणि दमणला समुद्राला मिळते. वाटेत मधुबन धरणाने तिला अडवले, म्हणून दुधनीला हे तळे दिसते. त्याच्या तळाशी आदिवासींची शेते आणि घरे आहेत.

सीमेचेही तसेच. १९५४ पर्यंत पलीकडे पोर्तुगिजांचे राज्य होते. त्या वर्षी २ ऑगस्टला सिल्वासा मुक्त झाले. त्या लढ्यात संगीतकार सुधीर फडके होते. आज पाटी वाचली नाही, तर सीमा कळतही नाही.

सहलीत इतिहासाचा तास कशाला, असे कोणी म्हणेल. तास नको, दहा मिनिटे पुरेत. बँकेत आम्ही फक्त जमेची बाजू पाहून ताळेबंदावर सही करीत नसू. पाण्याचा आनंद ही जमा झाली, बुडालेली गावे हा खर्च. नातवंडांना नावेत बसवताना दोन्ही बाजू सांगाव्यात. त्याने सहलीची मजा कमी होत नाही, पाण्याकडे पाहण्याची नजर मात्र बदलते.