महाल बघा, मग पाझर तलावही बघा

आरेतलं भात झोडून झालं, आता आमच्या गोरेगावातून घरंच्या घरं सहलीला निघतील. पुण्याचा आगाखान महाल पोरांना दाखवाच. पण हिरवळीवर फोटो काढून परत फिरू नका. 1942 ते 1944 गांधीजी इथंच कैदेत होते. कस्तुरबा आणि महादेवभाई देसाई इथंच गेले, दोघांच्या समाध्या आवारातच आहेत.

शेतकऱ्याच्या पोराला आणखी एक सांगायचं. आगाखानांनी 1892 ला हा महाल बांधला, तो दुष्काळात लोकांच्या हाताला काम मिळावं म्हणून. म्हणजे त्या देखण्या कमानींखाली घमेली वाहिली ती आपल्यासारख्यांनीच. चूल पेटली, हे काय थोडं नाही. पण महाल मालकाचा झाला, मजुराच्या शिवारात थेंबभर पाणी वाढलं नाही.

1972 च्या दुष्काळात खडी फोडली तशी पाझर तलावांची, नालाबंडिंगचीही कामं झाली. पुढं 1977 ला रोजगार हमीचा कायदा आला. त्यातले कैक तलाव आज गाळानं भरलेत, खोटं कशाला बोला. पण जिथं पाणी धरतंय तिथं खालच्या विहिरी अजून जित्या आहेत. माझ्या मते दुष्काळी काम असावं तर असं.

म्हणून सहलीत एक थांबा वाढवा. पुढं गावाकडं जाणार असाल तर बाहत्तरचा एखादा तलाव पोरांना दाखवा, अन् तिथल्या एखाद्या आजीला विचारा, कामावर मिळणारी सुकडी कशी लागायची.