शिप्रेचं पाणी गॅडोलिनियमसाठी तपासा

उज्जैनच्या आमच्या भैरवगढात बाटिकचं रंगवलेलं कापड उकळत्या पाण्यात बुडवलं की मेण सुटून वर येतं. रंगाचं पाणी डोळ्यांना दिसतं, म्हणून त्यावर बोललं जातं. मला काळजी आहे ती न दिसणाऱ्याची.

इंदूरचं सांडपाणी घेऊन येणारी कान्ह नदी त्रिवेणी घाटाशी शिप्रेत मिसळते. आम्ही त्या संगमाच्या खालच्या अंगाला. एमआरआयच्या वेळी अनेक रुग्णांना औषधातून टोचलं जाणारं गॅडोलिनियम हा दुर्मिळ मृदाधातू लघवीवाटे बाहेर पडतो आणि सांडपाणी शुद्धीकरणातूनही बराचसा तसाच निसटतो. १९९६ साली जर्मन शास्त्रज्ञांनी तो नद्यांत दाखवून दिला, पुढे उत्तर समुद्रातही सापडला. माळव्याच्या काळ्या पाषाणातून झिजून येणारे लँथॅनम, निओडिमियम हे त्याच गटातले धातू नदीमुखाशी खारं पाणी लागताच बरेचसे गाळाबरोबर तळाला बसतात. औषधातलं गॅडोलिनियम मात्र विरघळलेलंच पुढे जातं. शिप्रेचं पाणी चंबळ, यमुना, गंगा अशा वाटेने बंगालच्या उपसागराला मिळतं, हे विसरू नये.

गॅडोलिनियमचं प्रमाण अत्यल्प असतं, घाबरण्याचं कारण नाही. पण पाण्यात शहराचं सांडपाणी मिसळलंय का, याचा असा पक्का साक्षीदार दुसरा क्वचितच. २०२८च्या सिंहस्थात लाखो लोक याच पाण्यात बुडी मारणार आहेत. सिद्धवटावर आम्ही पितरांना याच पाण्याची ओंजळ देतो. तेव्हा त्रिवेणीच्या वर, रामघाटावर आणि सिद्धवटाशी, उन्हाळ्यात आणि पावसाळ्यानंतर नमुने घ्या, आणि आकडे घाटावरच्या फलकावर लावा.