तो रिपोर्ट कपाटात ठेवू नका

रक्तदान शिबिरात तुम्ही रक्त दिलंत. काही दिवसांनी रक्तपेढीतून फोन आला, एकदा येऊन भेटा. तिथे कळलं, तुम्ही हिपॅटायटिस बी पॉझिटिव्ह आहात, यापुढे रक्तदान करू नका. किंवा घरातल्या सुनेच्या गरोदरपणातल्या तपासणीत हेच निघालं. त्रास तर काहीच नाही. जेवण जातं, झोप लागते, काम होतं. मग रिपोर्टची घडी होते आणि तो कपाटात जातो.

कृपा करून तसं करू नका.

यकृत, म्हणजे आपलं लिव्हर, आतून दुखत नाही. वेदना कळते ती त्याच्या वरच्या पातळ आवरणाला. आत कर्करोगाची गाठ वाढत असली तरी ती बरीच मोठी होईपर्यंत तुम्हाला पत्ता लागत नाही. पोट फुगलं, वजन उतरलं, डोळे पिवळे झाले म्हणून माणूस दवाखान्यात जातो, तेव्हा बहुतेक वेळा उशीर झालेला असतो. म्हणून ‘मला काही होत नाही’ यावर विसंबू नका.

हिपॅटायटिस बी आणि यकृताचा कर्करोग यांचं नातं तैवानमध्ये फार मोठ्या कष्टाने सिद्ध झालं. डॉ. पामर बीस्ली आणि त्यांच्या तिथल्या सहकाऱ्यांनी बावीस हजारांहून अधिक पुरुषांची रक्ततपासणी करून त्यांच्यावर वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं. 1981 साली निष्कर्ष छापून आला. ज्यांच्या रक्तात हिपॅटायटिस बीचा विषाणू मुक्कामाला होता, त्यांना यकृताच्या कर्करोगाचा धोका इतरांपेक्षा सुमारे 200 पट होता. आकडा वाचून हबकून जाऊ नका. विषाणू असलेल्या बहुतेकांना कर्करोग होत नाही. पण धोका कोणाला जास्त आहे हे आधीपासून ओळखता येतं, ही केवढी मोठी सोय आहे!

आता काय करायचं ते सांगते.

रिपोर्ट घेऊन जिल्हा रुग्णालयात किंवा पोटाच्या डॉक्टरांकडे जा. देशात 2018 पासून राष्ट्रीय कार्यक्रम सुरू आहे. त्यात हिपॅटायटिस बी आणि सीची तपासणी व औषधं मोफत मिळतात. बीच्या प्रत्येकाला गोळी लागतेच असं नाही. ते डॉक्टर ठरवतील. गोळी सुरू झाली तर मात्र मनाने बंद करू नका. ‘बरं वाटतंय’ म्हणून गोळी सोडली की विषाणू उसळतो आणि यकृताला मोठी इजा होऊ शकते. सीचं, म्हणजे यकृताच्याच दुसऱ्या विषाणूचं, वेगळं आहे. साधारण तीन महिन्यांच्या गोळ्यांनी शंभरातले 95 हून अधिक लोक बरे होतात.

यकृत आकसून कडक झालं असेल, म्हणजे सिऱ्होसिस असेल, तर दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करा. त्यासोबत रक्ताची एएफपी तपासणीही सांगतात. बी असलेल्या काहींना सिऱ्होसिस नसतानाही कर्करोग होतो. त्यामुळे तुम्हाला ही तपासणी लागेल का, हे डॉक्टरांना स्वतःहून विचारा. सी बरा झाला तरी सिऱ्होसिस असलेल्यांनी तपासणी सोडू नये. दोन सणांची आठवण ठेवा. दिवाळीला एक, अक्षय्य तृतीयेला एक. तारीख चुकणार नाही.

सहा महिन्यांचा हट्ट कशासाठी? गाठ लहान सापडली तर ती कापून काढता येते, सुईतून उष्णता देऊन जाळता येते, कधी यकृतच बदलता येतं. मोठी झाली की हे मार्ग एकेक करून बंद होतात. नवी औषधं आली आहेत, त्यांनी आयुष्य वाढतं, पण लहान गाठीवरच्या उपचाराची सर त्यांना नाही. सोनोग्राफीत गाठ दिसली तर रंगद्रव्य टोचून सीटी स्कॅन करतात. सिऱ्होसिसच्या रुग्णात पुष्कळदा तेवढ्यावरच निदान होतं, तुकडा काढावा लागत नाही. सुईच्या भीतीने सीटी टाळू नका.

घरच्यांसाठी दोन शब्द. पॉझिटिव्ह माणसाचं ताट-वाटी वेगळी करू नका. एकत्र जेवल्याने, मिठी मारल्याने, कपडे एकत्र धुतल्याने हा आजार पसरत नाही. तो रक्तातून, शरीरसंबंधातून आणि बाळंतपणात आईकडून बाळाला होतो. रेझर, नेलकटर, टूथब्रश मात्र ज्याचं त्याचं. नवरा-बायको, मुलं, भावंडं, सगळ्यांची रक्ततपासणी करा. ज्यांना विषाणू नाही त्यांनी बीची लस घ्यावी.

बाळाची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. जन्मतः बीची लागण झालेल्या शंभरातल्या सुमारे 90 बाळांच्या अंगात विषाणू कायमचा राहतो. म्हणून जन्मल्यापासून 24 तासांच्या आत लस. आई पॉझिटिव्ह असेल तर सोबत आणखी एक संरक्षक इंजेक्शन. प्रसूती कुठे होणार हे ठरतानाच तिथे हे विचारून ठेवा. मग सहा, दहा आणि चौदा आठवड्यांचे डोस. तैवानने 1984 मध्ये बाळांना ही लस द्यायला सुरुवात केली. दहा वर्षांतच 6 ते 14 वयाच्या मुलांमधला यकृताचा कर्करोग जवळजवळ निम्म्यावर आला.

आणखी थोडं. दारू सोडा, पॉझिटिव्ह असाल तर थेंबही नको. मधुमेह आणि फॅटी लिव्हर दोन्ही असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. बुरशी धरलेले शेंगदाणे, मका निवडून वापरू नका. त्यातलं विष यकृताचा कर्करोग घडवतं आणि भाजून पूर्ण जात नाही. ते फेकून द्या. काविळीची माळ घालून किंवा मुळी खाऊन हा विषाणू जात नाही, त्यात महिने घालवू नका.

आज तो रिपोर्ट शोधा. सापडला नाही तर पुन्हा रक्त तपासा. आणि डॉक्टरांकडे जाताना घरातल्या एकाला तरी सोबत घेऊन जा.