आधी दगड खाली ठेवला तो थोरांनी



या खेपेच्या टपालात एक पत्र असे आले की, ते वाचून मी दोन दिवस नुसते उशाशी ठेवले. लिहिणारी भगिनी नगर जिल्ह्यातली आहे. (सरकारदरबारी आता अहिल्यानगर, पण आपल्या तोंडी नगरच बसले आहे.) घर ख्रिस्ती, चार एकर रान, कांदा आणि गहू. नाव छापू नका म्हणाली आहे, तेव्हा छापत नाही. तिचे म्हणणे थोडक्यात असे :

"माझा मुलगा तेरा वर्षांचा. मोठ्या दिरांचा मुलगा त्याच्याच वर्गात. दोन वर्षांमागे दिरांनी बांध कोरला, आमचे दोन गुंठे तरी गेले. तेव्हापासून दोन्ही घरांत बोलणे नाही. मागल्या महिन्यात वर्गात एका मुलाचे शंभर रुपये हरवले. माझ्या पोराने सगळ्यांदेखत चुलत भावाकडे बोट केले आणि म्हणाला, 'बांधचोराचा पोरगा आहे, यानंच घेतले असतील.' रात्री तेच मुलांच्या मोबाइलच्या गटावरही फिरले. दुसऱ्या दिवशी पैसे ज्याचे होते त्याच्याच दप्तराच्या आतल्या कप्प्यात सापडले. पण तोवर व्हायचे ते झाले. पुतण्या आठ दिवस शाळेत गेला नाही. मी मुलाला म्हटले, जा, माफी माग, आपण येशूची माणसं आहोत. तर मला म्हणतो, 'तू बोलतेस का काकीशी?' ताई, याला क्षमा शिकवायची तरी कशी?"

पत्र ख्रिस्ती घरातले आहे, म्हणून उत्तरही त्यांच्याच शास्त्रातून देते. नगरला अमेरिकन मराठी मिशन आले १८३१ साली. तेव्हापासून ही मंडळी आपल्या शिवाराला शिवार लावून राहतात. मी स्वतः लहानपणी मिशनच्या शाळेत शिकले, त्यामुळे या गोष्टी कानावरून गेलेल्या आहेत. आणि बांध काय, सगळ्याच जातिधर्मांत कोरला जातो. तेव्हा बाकीच्यांनीही पान उलटू नये.

पहिली गोष्ट मुलाच्या वयाची. सात-आठ वर्षांचे पोर सकाळी भांडते आणि संध्याकाळी त्याच्याच गळ्यात हात टाकून येते. त्याला क्षमा शिकवावी लागत नाही. तेराव्या-चौदाव्या वर्षी मात्र पोराच्या हातात नवा तराजू येतो. कोण खरे, कोण खोटे, कुणाला जास्त वाढले, कुणाचे झाकले, सगळे तो तोलून पाहतो. घरातले मोठे काय बोलतात आणि काय वागतात हेही त्याच तराजूत पडते. अशा पोराला "जाऊ दे रे, एवढं काय मनावर घेतोस" म्हटले की तो जास्त चिडतो. त्याला वाटते, ही माणसे अन्यायाला अन्यायसुद्धा म्हणायला तयार नाहीत. आणि त्याचे फारसे चुकत नाही.

म्हणून बाई, क्षमा शिकवताना "काही झालं नाही" असे कधी म्हणू नका. शुभवर्तमानातही तसे म्हटलेले नाही. मत्तयाच्या अठराव्या अध्यायातला दोन कर्जदारांचा दाखला तुम्ही उपासनेत ऐकला असेल. पेत्र विचारतो, भावाला कितीदा क्षमा करायची, सातदा पुरे का? येशू त्याला सत्तर गुणिले सात असा हिशेब सांगून ही गोष्ट सांगतो. एका चाकराचे राजाकडे दहा हजार तालांत देणे होते. राजाने ते सगळे माफ केले. तोच चाकर बाहेर पडला आणि शंभर दीनार देणे असलेल्या आपल्या सोबत्याची त्याने नरडी धरली, त्याला तुरुंगात घातले. पुढे ते राजाच्या कानावर गेले आणि माफी मागे घेतली गेली.

हा दाखला मुलाला नुसता ऐकवू नका, त्याच्याकडून कागदावर मांडून घ्या. आठवीच्या पोराला येणारे गणित आहे. दीनार म्हणजे त्या काळची शेतमजुराची एका दिवसाची मजुरी; द्राक्षमळ्यातल्या मजुरांच्या दाखल्यात तोच दर ठरलेला आहे. तालांत म्हणजे सुमारे सहा हजार दीनार. समजा आज मजुरी ४०० रुपये धरली. शंभर दीनारांचे झाले ४० हजार रुपये. दहा हजार तालांतांचे झाले सहा कोटी दिवसांची मजुरी, म्हणजे २,४०० कोटी रुपये. पोराचे डोळे तिथेच मोठे होतील.

मात्र उपदेश करणारे पुष्कळदा दुसऱ्या आकड्यापाशीच थांबतात आणि पहिल्याला चिल्लर म्हणून सोडून देतात. मला तर तो पहिला आकडा फार मोलाचा वाटतो. चाळीस हजार रुपये ही आपल्या घरात काय लहान रक्कम आहे? कांद्याला भाव नसला तर एकराची कमाई तेवढी होत नाही. येशूने दोन-चार दीनार सांगितले नाहीत, शंभर सांगितले. म्हणजे तुमचे नुकसान झाले, ते दुखण्यासारखे आहे, हे त्याने धरलेच आहे. दोन गुंठे जमीन गेली ती गेलीच; ती गेली नाही असे समजा, असे कुणी सांगत नाही. सांगणे एवढेच की, तुझ्याही खात्यावर काही माफ झालेले आहे, तेव्हा सोबत्याच्या नरड्यावरचा हात काढ. ख्रिस्ती मंडळी प्रभूच्या प्रार्थनेत मराठीत पापाला ऋण हा शब्द वापरतात. कर्जमाफीची वाट पाहणाऱ्या माणसाला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही.

आता दुसरे, बोट दाखवण्याचे. क्षमा आणि दोष न लावणे या गोष्टी शेजारच्या आहेत, पण एक नव्हेत. चुलत भावाने तुमच्या मुलाचे काहीच केले नव्हते. तिथे क्षमेचा प्रश्न नव्हता, निवाड्याचा होता. बापाने बांध कोरला म्हणून पोरगा चोर, हा निवाडा मुलाने एका क्षणात दिला. दुसऱ्याच्या डोळ्यातले कुसळ आणि आपल्या डोळ्यातले मुसळ ही जोडी आपण रोज बोलतो. मराठी बायबलातही नेमके हेच दोन शब्द आहेत. ज्वारीच्या खळ्यावर डोळ्यात कुसळ गेलेल्याला ते काढताना किती हलका हात लागतो, हे आपल्या पोरांना माहीत आहे. मुसळ घेऊन कुणी ते काढायला जात नाही.

पण या बाबतीत मला सर्वांत जवळची वाटते ती योहानाच्या आठव्या अध्यायातली गोष्ट. व्यभिचारात सापडली म्हणून एका बाईला लोकांनी ओढून आणले. दगडमार करायचा की नाही, असे येशूला विचारले. (पुरुषाला मात्र कुणी आणले नव्हते. आपल्या गावातही असेच असते, पण तो विषय पुन्हा केव्हातरी.) येशू खाली वाकून बोटाने जमिनीवर काहीतरी लिहीत राहिला. काय लिहिले ते शास्त्रात दिलेले नाही. मग तो एवढेच म्हणाला की, ज्याच्या पदरी पाप नसेल त्याने पहिला दगड उचलावा. माणसे एकेक करून निघून गेली. निघण्याचा क्रम शास्त्रात सांगितलेला आहे : आधी गेले ते वडीलधारे.

हे वाचून मी नेहमी थांबते. त्या गर्दीत तेरा-चौदा वर्षांची पोरे असतील की नाही? गावात काही घडले की पोरे सर्वांत पुढे असतात. त्यांच्याही मुठीत दगड असणार. ती कशी वळली असतील? पांढऱ्या दाढीचा आजोबा हातातला दगड टाकून घराकडे निघाला हे पाहूनच ना. त्यांना कुणी प्रवचन दिले नाही. आणि येशूने त्या बाईला जाताना हेही बजावले की, पुन्हा असे करू नकोस. चुकीला चूक म्हटले, पण माणूस मातीत घातला नाही. मोबाइलच्या गटावर एखाद्या पोराला "चोर" म्हणून फिरवणे म्हणजे दगडच मारणे आहे, फक्त हात दिसत नाही. हे मुलाला याच गोष्टीवरून समजेल.

तुम्ही म्हणाल, ताई, या झाल्या दोन हजार वर्षांपूर्वीच्या गोष्टी. तर आपल्या शेजारच्या राज्यातली सांगते. मध्य प्रदेशात देवास जिल्ह्यातल्या उदयनगर भागात सिस्टर राणी मारिया नावाची केरळची एक जोगीण काम करीत होती. आदिवासी शेतकऱ्यांनी सावकाराच्या पाशातून सुटावे, त्यांना सरकारी योजनांचा पैसा मिळावा, यासाठी तिची धडपड. सावकारांना ते खुपले. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी इंदूरला जाणाऱ्या बसमध्ये त्यांच्या चिथावणीने एका तरुणाने तिला भोसकून मारले. त्याला जन्मठेप झाली. राणी मारियाची धाकटी बहीण सिस्टर सेल्मी पॉल हीही जोगीणच. २००२ साली रक्षाबंधनाला ती तुरुंगात गेली आणि बहिणीच्या खुन्याच्या हातात तिने राखी बांधली. तुरुंगात सूड घेण्याचे बेत करीत बसलेला तो माणूस त्यानंतर बदलला. २००६ साली तो सुटला, केरळात जाऊन राणी मारियाच्या आईला भेटला, आणि त्या माउलीने त्याला घरात घेतले. २०१७ साली इंदूरला राणी मारियाला चर्चने धन्य म्हणून घोषित केले.

मुलाला ही गोष्ट सांगताना दोन सालांकडे लक्ष वेधा. खून १९९५ चा, राखी २००२ ची. मधे सात पावसाळे गेले. क्षमा मनात पेरली म्हणून दुसऱ्या दिवशी उगवत नाही. आणि माणूस तुरुंगात गेला तो गेलाच. क्षमा केली म्हणून खटला चालला नाही असे झाले नाही.

हे बजावून सांगण्याचे कारण आहे. "क्षमा कर" या शब्दाखाली घरोघरी पोरांची तोंडे बंद केली जातात. एखादा मोठा माणूस, मग तो नातेवाईक असो, शिक्षक असो की धर्माचे काम करणारा असो, मुलाच्या अंगाला नको तसा हात लावत असेल, मारझोड करीत असेल, तर तिथे क्षमेची गोष्ट काढू नका. आधी मुलाला त्याच्यापासून लांब करा. १०९८ या क्रमांकावर फोन करा, पोलिसांत जा. लैंगिक अत्याचारासाठी २०१२ चा पॉक्सो कायदा आहे आणि माहीत असून न कळवणे हाही त्यात गुन्हा आहे. ते मूल पुढे मनातून काय करील ते त्याचे त्याला ठरवू द्या.

आता तुमच्या घराकडे वळते. मुलाने बोट वर्गासमोर दाखवले, तेव्हा ते खाली घ्यायचेही वर्गासमोरच, आणि मोबाइलच्या त्याच गटावर. "माझी चूक झाली, पैसे त्यानं घेतले नव्हते," एवढे दोन शब्द पुरेत. कान धरून नेऊ नका; कान धरून मागितलेली माफी ही मार चुकवण्याची युक्ती असते. त्याला दोन दिवस द्या, पण दोनच. आणि चुलत भावाने लगेच हात पुढे केला नाही तर रुसायचे नाही, हेही आधी सांगून ठेवा. आठ दिवस घरात बसलेला पोरगा आहे तो.

पण त्याने तुम्हाला जे विचारले त्याचे उत्तर राहतेच. तू बोलतेस का काकीशी? बाई, तेरा वर्षांच्या तराजूत तुम्हीच पडला आहात. इथे मी तुम्हाला दोन गुंठे सोडा असे म्हणणार नाही. तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात हद्दकायम मोजणीचा अर्ज द्या, फी भरा, हद्दीच्या खुणा करून घ्या. मत्तयाच्या त्याच अठराव्या अध्यायात, दाखल्याच्या आधी, भावाने अपराध केला तर काय करावे तेही सांगितले आहे : आधी त्याच्याकडे एकटे जा आणि दोघांतच बोला, ऐकले नाही तर एक-दोघांना बरोबर न्या, तरी नाही तर मंडळीला सांगा. तुमच्या पत्रावरून दिसते की, मंडळीला सांगून झाले, भावकीला सांगून झाले, आठवड्याच्या बाजारात सांगून झाले. पहिली पायरीच तेवढी राहिली आहे.

मोजणीची तारीख मिळाली की ती सांगायला कुणाच्या हाती निरोप धाडू नका. तुमचे यजमान आणि तुम्ही, दोघांनी जा. काकीने पाणी दिले तर घ्या. जमिनीचा विषय यजमानांनी दिरांशी काढावा. तुम्ही आधी पुतण्याची विचारपूस करा, तो आठ दिवस शाळेत गेला नव्हता म्हणून. मुलाला यायचे असेल तर येऊ द्या. त्याला आत बोलावून बोलायला लावू नका. उंबऱ्याबाहेर उभा राहिला तरी त्याला तिथून सगळे ऐकू येईल.

काय झाले ते कळवा. काकीने दार लावून घेतले तरी कळवा.

तुमची,
ताई