चिठ्ठीआधी वही

बारामती-इंदापूर पट्ट्यात कुणाचं काही अडलं की पहिला प्रश्न ठरलेला: "चिठ्ठी कुणाची आणायची?" पोराचा प्रवेश, एमआयडीसीतली नोकरी, सोसायटीतलं कर्जप्रकरण, बदली, पुण्यातल्या दवाखान्यातली खाट, सगळ्याला चिठ्ठी. या दोन तालुक्यांना राजकीय वजन लाभलं, त्याचा फायदा आपण सगळ्यांनी घेतला, ते नाकारण्यात अर्थ नाही. मध्यरात्री अडलेल्या पेशंटला कुणाच्या फोनमुळं खाट मिळाली तर त्यात वाईट ते काय? पण ज्या कामाला स्वतःची तयारी लागते, त्या कामातही आपण आधी चिठ्ठी शोधतो आणि तयारीचं नंतर बघू म्हणतो. त्याबद्दल चार शब्द स्पष्ट बोलायचे आहेत, आणि ते मुख्यतः विशी-पंचविशीतल्या मुलामुलींशी.

चिठ्ठी फाटकाच्या आत नेते. पुढं, हाताला काय येतं तेच विचारतात. इंदापूर तालुक्यात कळंबच्या माळावर वालचंद हिराचंदांनी वसवलेलं वालचंदनगर एके काळी साखरेसाठी आणि साखर कारखान्यांच्या यंत्रांसाठी ओळखलं जायचं. पुढं तिथं इस्रोच्या अग्निबाणांच्या मोटारींची आवरणं आणि अणुभट्ट्यांचे भाग तयार व्हायला लागले. अशा कामात वेल्डिंगच्या सांध्याचा एक्स-रे काढतात. आत केसाएवढी फट राहिली तरी ती त्यात उमटते. वेल्डर कुणाच्या वशिल्यानं कामाला लागला होता, ते मात्र उमटत नाही.

आपल्याकडं समृद्धी कशी आली हे सांगताना लोक थेट नेत्यांपासून सुरुवात करतात. गोष्ट त्याच्या बरीच आधीची आहे. १८७६-७७च्या दुष्काळानं हा मुलूख उजाड केला. त्यानंतर सरकारनं भाटघरचं धरण आणि नीरेचा डावा कालवा हाती घेतला आणि १८८०च्या दशकात कालव्याचं पाणी या शिवारात आलं. पाणी आलं म्हणून ऊस आला असं झालं नाही. इथला शेतकरी ज्वारी-बाजरीचा. बारमाही पिकाला भांडवल किती लागतं, खत किती, पाणी कधी तोडायचं, याची त्याला सवय नव्हती. पाऊस बरा झाला तर पाणीपट्टी भरून पाणी घ्यायचं कशाला, असा त्याचा सरळ हिशेब.

उसाची विद्या आणली सासवडच्या माळ्यांनी. विहिरीच्या पाण्यावर ऊस घ्यायचा आणि गूळ करायचा, यात त्यांचा हात बसलेला. ते कालव्याच्या कडेकडेनं खाली सरकले, इथल्या जमिनी खंडानं घेतल्या, गुऱ्हाळं घातली. खंडानं जमीन कसणाऱ्याला हिशेबाशिवाय गत्यंतर नसतं. खंड ठरलेला, पाणीपट्टी ठरलेली, पेंडीचा भाव बाजारावर. एक हंगाम चुकला तर घर बसलं. त्यांच्यामागं भावकीचं जाळं होतं, उधार-उसनवार मिळत होती, हेही खरं आहे. नुसत्या कष्टावर कुणी मोठं होत नाही आणि तसं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. पण ज्या गावात आपल्याला कुणी ओळखत नाही तिथं जाऊन, दुसऱ्याच्या रानात, आपल्या हातच्या कसबावर त्यांनी पाय रोवले. इथल्या शेतकऱ्यांनी बांधावर उभं राहून ते बघितलं आणि हळूहळू स्वतः ऊस लावायला घेतला. बाहेरून आलेल्या माणसाकडून शिकायला त्यांना कमीपणा वाटला नाही, हे मला या गोष्टीतलं सगळ्यात मोलाचं वाटतं. १९३०च्या आसपास जागतिक मंदी आली, गुळाचे भाव कोसळले. तेव्हा रडत न बसता याच माळी शेतकऱ्यांनी पैसा एकत्र केला आणि नीरेच्या पलीकडं, अकलूजजवळ माळीनगरला स्वतःचा साखर कारखाना उभा केला. माळेगाव, भवानीनगर, सोमेश्वर हे आपले सहकारी कारखाने त्यानंतर वीस-तीस वर्षांनी आले.

आता आपल्या घरात बघा. आडसाली उसाची लागण जुलै-ऑगस्टमध्ये, तोड जवळपास दीड वर्षानं. पैसा येतो तो एकदम येतो. मग कांडे पेमेंट, मग दिवाळीचं. एकरी किती टन निघाला हे चौकातल्या टपरीवर मोठ्यानं सांगितलं जातं. एकरी खर्च किती झाला असं विचारा, लगेच विषय बदलतो. लागणीचं बेणं, नांगरट, सरी, खताचे डोस, तणनाशक, भरणी, मजुरी, विजेचं बिल, आणि रात्रीच्या लाईटवर दारं धरायला घरातलं माणूस गेलं त्याची मजुरी. हे सगळं एका वहीत उतरवलेलं घर शंभरात किती असेल ते तुम्हीच गावात विचारून बघा. शंभर टनाचा ऊस काढून तोट्यात असलेला माणूस आणि साठ टनांवर दोन पैसे शिल्लक ठेवणारा माणूस एकाच शिवारात राहतात. पहिल्याचा फ्लेक्स लागतो.

सोसायटीचंही तेच. तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत भरलं की शेतकऱ्याला व्याज शून्य पडतं, मुदत चुकली की सवलत गेली. तरी मार्चअखेरीला काय चालतं? आठ दिवसांसाठी सावकाराकडून पैसे उचलायचे, भरणा दाखवायचा, पुन्हा तेवढंच कर्ज काढायचं आणि सावकाराला परत द्यायचं. याला आपण नवं-जुनं म्हणतो आणि कर्ज फिटलं असं समजतो. कर्ज जागचं हलत नाही, वर सावकाराचं व्याज गेलं ते गेलंच. ऊसबिल खात्यावर पडतं त्याच दिवशी पुढच्या मार्चची रक्कम वेगळी काढून ठेवण्याची सवय लागली तर हा खेळ दोन-तीन हंगामांत बंद होतो. मोटारसायकल बदलायची ती उरलेल्या पैशातून बदला, कुणाची ना नाही.

मोजण्याचा कंटाळा हे आपलं जुनं दुखणं आहे. कालवा आल्यावर वरच्या गावांनी पाणी उदंड वापरलं. रानं पाणथळ झाली, खारवट झाली, चोपण झाली, आणि खालच्या गावांना पाणी पुरेना. पुण्याच्याच कॉलेजात शिकलेले मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या १८९९च्या सुमारास पुणे जिल्ह्यात इंजिनिअर होते. त्यांनी दख्खनच्या कालव्यांसाठी ब्लॉक पद्धत मांडली. ठरावीक तुकड्यांतच पाणी द्यायचं, तिथं उसाची इतर पिकांशी फेरपालट करायची, म्हणजे पाणी अधिक गावांना पुरतं आणि जमीनही टिकते. लोकांना तेव्हा ते आवडलं नव्हतं. आज सव्वाशे वर्षं झाली. आता बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टनं मायक्रोसॉफ्ट आणि ऑक्सफर्डच्या मदतीनं उसाला कृत्रिम बुद्धिमत्ता जोडली आहे. जमिनीतला ओलावा सेन्सर मोजतो, किती पाणी द्यायचं ते मोबाईलवर कळतं. मायक्रोसॉफ्टच्या सत्या नाडेलांनी २०२५ साली त्याचं जाहीर कौतुक केलं तेव्हा आपण सगळ्यांनी स्टेटस ठेवले. पण मोबाईलनं उद्या पाणी नको सांगितलं आणि शेजारच्याची मोटर चालू दिसली, तर आपली बंद राहील का? यंत्र मोजून देईल. मोजलेलं ऐकायचं की नाही, हे यंत्राच्या हातात नाही.

अभ्यासिकेत बसणाऱ्या मुलांनाही हेच सांगणं आहे. बारामतीत, इंदापुरात अभ्यासिका भरलेल्या असतात, पहाटेपासून रात्रीपर्यंत. किती तास बसलो हे प्रत्येक जण सांगतो. काल वाचलेलं आज पुस्तक न उघडता किती लिहिता आलं, ते कुणी सांगत नाही. रोज झोपण्याआधी एक पान लिहा: आज काय शिकलो, काय आलं नाही, उद्या कुणाला विचारायचं. महिन्यानं ती पानं चाळलीत की आपण पुढं सरकतोय की त्याच धड्यावर बसलोय, हे दुसऱ्या कुणी सांगायची गरज उरत नाही. आणि पहिल्याच दिवशी वहीच्या पहिल्या पानावर मुदत लिहा, किती वर्षं देणार ती. आई-वडिलांना ती दाखवा. मुदत संपली की दुसरा रस्ता धरायचा. स्पर्धा परीक्षेत पद न मिळणं हा नालायकपणा नाही, जागाच मोजक्या असतात. पण तिशी उलटेपर्यंत "यंदा होईल" म्हणत राहणं आणि घरच्यांनी त्यासाठी कर्ज काढत राहणं, हे थांबवायला हवं. आयटीआय करून चांगला फिटर, वेल्डर, सीएनसी ऑपरेटर झालेल्या मुलाला लग्नाच्या बाजारात कमी लेखणाऱ्या पालकांनीही जरा विचार करावा.

रोजच्या रोज थोडं करण्याची सवय बघायची असेल तर लांब जायला नको. मोरोपंत आपल्या बारामतीचे. १७२९ साली पन्हाळ्यावर जन्मले, १७९४ साली बारामतीत गेले. बाबूजी नाईकांच्या आश्रयानं पुराण सांगणं हे पोटापाण्याचं काम. ते सांभाळून त्यांनी अख्खं महाभारत आर्येत आणलं आणि एकशेआठ रामायणं रचली, असं परंपरा सांगते. त्यातल्या निरोष्ठ रामायणात ओठांनी उच्चारायची अक्षरंच टाळलेली. म्हणजे 'राम' एवढं नावसुद्धा घ्यायची सोय नाही! ज्याला रोजचं काम अंगवळणी पडलं आहे, त्यालाच अशी अट स्वतःवर घालून घ्यायची हौस सुचते. नोकरी आहे म्हणून वेळ नाही, असं म्हणणाऱ्यांनी कऱ्हेकाठच्या या पुराणिकाचा विचार करावा.

वहीची सवय नसते असं म्हणावं तर ती आपल्याच घरात आहे. बचत गटाच्या बायकांकडं बघा. ठरल्या तारखेला बैठक, हजेरी, प्रत्येकीच्या हप्त्याची नोंद, कुणाचा हप्ता थकला तर सगळ्यांसमोर विचारणा. फारसं शिक्षण नसलेली बाई रजिस्टरवर बोट ठेवून सांगते की कुणाकडं किती आहे. याच बळावर गावाकडच्या बायका पुण्याच्या भीमथडी जत्रेत चटण्या, पापड, मसाले घेऊन उभ्या राहतात, शहरातल्या गिऱ्हाइकाशी भाव करतात. गड्यांनो, आपल्या घरातल्या बाईच्या पिशवीतली ती वही एकदा मागून घ्या आणि बघा. लाज वाटायचं कारण नाही.

एक गोष्ट राहून जाऊ नये. इंदापूरच्या कालव्याच्या टेलला असलेल्या माणसाला, किंवा सुपे-मोरगावकडच्या जिरायती रानातल्या माणसाला, सवयींचा उपदेश ऐकून राग येऊ शकतो. तो रास्त आहे. वरच्या गावात आवर्तन मिळतं आणि टेलला चारी कोरडी राहते, यात टेलच्या शेतकऱ्याचा आळस नसतो. त्याला न्याय मागावाच लागणार. पण न्याय मागायला जाताना हातात काय असतं? "पाणी येत नाही हो साहेब" एवढंच. त्याऐवजी कोणत्या तारखेला आवर्तन सुटलं, आपल्या दारावर कधी पोचलं, किती तास चाललं, कधी बंद झालं, हे गावातल्या दहा जणांनी दोन वर्षं लिहून ठेवलं, तर त्या कागदापुढं अधिकाऱ्यालाही सावरून बसावं लागतं. नेत्याकडं जायचं तर हे घेऊन जा. मग त्याची चिठ्ठीही वजनदार होते.

एवढं सगळं एकदम होणार नाही, होऊही नये. एका कामापासून सुरू करा. ऊस तुटून रान मोकळं झालं की खत टाकायच्या आधी शेतात नागमोडी फिरून आठ-दहा ठिकाणी इंग्रजी व्ही आकाराचे खड्डे घ्या, कडेची माती खरवडून एकत्र करा, सावलीत वाळवा, अर्धा किलो पिशवीत भरा आणि माळेगाव-शारदानगरच्या कृषी विज्ञान केंद्रात तपासायला द्या. बांधाजवळची, झाडाखालची, शेणखताच्या ढिगाजवळची माती घेऊ नका. अहवाल आला की वहीत चिकटवा, त्यात काय लिहिलंय ते समजेपर्यंत तिथल्या माणसाला विचारा, आणि यंदाची खताची गोणी तो अहवाल बघूनच आणा.